आईचा क्लच

आमची गाडी उभ्या जागी थरथरायची. किल्ली फिरवली की बॉनेटखालून आधी एक दणका यायचा, मग गिअरचा दांडा नाचायला लागायचा, मग दारांच्या काचा वाजायच्या आणि त्यानंतर मागच्या सीटवर बसलेल्या माझे दात. बाबांनी ती त्यांच्या ऑफिसातून निवृत्त झालेल्या एका साहेबांकडून घेतली होती. रंग फिकट निळा, सीटवर साहेबांच्या बायकोने शिवलेल्या खोळी, आणि आत कायमचा कापराचा वास, तो का यायचा ते आम्हाला कधी कळलं नाही. आमची सोसायटी गुलटेकडीला, मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला. उजाडायचं तेच ट्रकच्या हॉर्नने आणि हमालांच्या हाकांनी, आणि वारा कुठून वाहतोय त्यावर त्या दिवशी घरात कांद्याचा वास येणार की गुळाचा, हे ठरायचं. गुळाचा वारा असला की आई खिडक्या सताड उघड्या टाकून शाळेत जायची. कांद्याचा असला की बाबा म्हणायचे, "आज भाजीत कांदा घालू नकोस, आपोआप येतोय." असलं बोलणं आमच्या घरात दिवसभर चालायचं. बाहेरचं माणूस आलं तर त्याला वाटे, यांचं आज काहीतरी बिनसलंय.

बाबा सरकारी खात्यात नकाशे काढायचे. हात इतका स्थिर की दाढी करतानासुद्धा मी त्यांच्या गालाकडे बघत बसायचे. घरातली एखादी वस्तू दुरुस्तीसाठी बाहेर गेली असं मला आठवतच नाही. मिक्सर, इस्त्री, शेजारच्या काकूंचा रेडिओ, सगळं रविवारी वर्तमानपत्र पसरून त्यावर मांडलं जायचं, आणि समोर उकिडवी बसून एकेक स्क्रू वाटीत टाकायला मी. त्या वाट्या आई नंतर वेगळ्या ठेवायची, तरी कधीतरी आमटीच्या वाटीला ग्रीसचा वास यायचाच. मी एकुलती एक. मुलगा असता तर बरं झालं असतं, असं आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक आत्या-मावशीचं म्हणून झालेलं होतं, आणि प्रत्येकीला बाबांनी एकच उत्तर दिलं होतं, "मुलगा झाला असता, पण त्याला पाना ओळखता आला असता याची काय खात्री?" हे ऐकलं की मी दिवसभर हवेत असायचे. बाबा माझे होते. आई थोडी बाजूला असायची, जेवणाच्या टेबलावर गणिताचे पेपर तपासत, आणि मला त्यात काही वावगं वाटायचं नाही.

आई ज्या शाळेत शिकवायची त्या संस्थेने मांजरीला नवीन शाळा काढली. आता मांजरीला मजल्यावर मजले चढलेत आणि आमच्या सोसायटीतली निम्मी मुलं तिकडे फ्लॅट घेऊन राहतात, पण तेव्हा मांजरी म्हणजे ऊस. त्या उसाच्या मधोमध पत्र्याच्या छपराची शाळा, आणि तिला मुख्याध्यापिका हवी होती. संस्थेच्या चिटणिसांनी आईला बोलावून विचारलं. त्या दिवशी आई घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरापर्यंत गेली. देवाधर्माचं फारसं न करणारी माझी आई चपला मात्र दारातच काढायची, म्हणून ते माझ्या लक्षात राहिलंय. "मला विचारलंय," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "मला."

अडचण एकच होती. शाळा सकाळी लवकर भरायची आणि थेट बस नव्हती. हडपसरला बदलावी लागायची, आणि पुढची आली तर आली. मुख्याध्यापिकेनेच रोज घंटेनंतर पोचणं शोभलं नसतं. पण गाडी दारात उभीच असायची, कारण बाबा ऑफिसला स्कूटरने जात. तेव्हा आईने गाडी शिकायचं ठरवलं. ती टिळक रोडच्या एका ड्रायव्हिंग क्लासला जायला लागली आणि लायसन्सच्या परीक्षेत पहिल्याच खेपेला पास झाली. शिकवणारे गृहस्थ आपणहून घरी सांगायला आले. "बाईंचा क्लच फार हलका आहे हो," ते म्हणाले, "आमच्याकडच्या तरण्या पोरांनी शिकावा असा." ते गेल्यावर बाबा म्हणाले, "त्यांच्या गाडीला दोन क्लच असतात. पाय कुणाचा होता ते त्यांनाच ठाऊक." आई हसली. मीही हसले.

मग आई आमच्या गाडीवर बसली. तिने क्लच सोडायला सुरुवात केली की गाडी आधी अंग झाडायची, मग पुढे उडी मारायची, मग गचका खाऊन बंद पडायची. पुन्हा किल्ली, पुन्हा दणका, पुन्हा उडी. सोसायटीच्या मागे तेव्हा मोकळी जागा होती. तिथे दर रविवारी संध्याकाळी हा कार्यक्रम व्हायचा आणि गॅलरीत माणसं चहा घेऊन उभी राहायची. बाबांनी त्यात एक परीक्षा काढली. समोरच्या कप्प्यावर पाण्याने भरलेला स्टीलचा पेला ठेवायचा. गाडी सुटताना पाणी सांडलं नाही की आई मांजरीला जायला तयार, असं ठरलं. आई गाडी चालवणार, बाबा मागे बसणार आणि परीक्षक म्हणून मी पुढच्या सीटवर. आई चपला काढून ठेवायची. श्वास रोखून, ओठ मुडपून, अगदी केसभर केसभर पाय उचलायची, आणि गाडी सुटायच्या नेमक्या वेळी पाणी माझ्या फ्रॉकवर.

"किती सांडलं?" बाबा मागून विचारायचे.

"अर्धा पेला."

"प्रगती आहे. मागच्या वेळी पेलासुद्धा खाली आला होता."

मी खिदळायचे. मला त्या पदाचा फार अभिमान होता. बाबा चालवायला बसले की गाडीची उडी कमी व्हायची, कारण ते अ‍ॅक्सिलरेटर भरपूर देऊन क्लच लांबवत लांबवत सोडायचे. आईने एकदा तसं करून पाहिलं तर म्हणाले, "क्लच जाळशील." तिने पुन्हा आपल्या पद्धतीने हलकेच सोडला, गाडीने उडी मारली, आणि बाबा म्हणाले, "बघ. मी काही बोलत नाही." असं किती रविवार चाललं कोण जाणे. गॅलरीतली माणसं कमी होत गेली आणि आईचं हसणंही.

एके दिवशी जेवताना ती म्हणाली, "उद्या चिटणिसांना नाही म्हणून सांगते." बाबांनी भातावर ताक घेतलं. "तुझी इच्छा," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी ते यार्डातून आंब्याची पेटी घेऊन आले. स्वतः पाटावर बसून रस काढला, कोयी आणि साली पिळून पिळून, हात कोपरापर्यंत पिवळे झाले होते. त्या आठवड्यात ते आईशी फार गोड वागले, एक टोमणा म्हणून मारला नाही. मला वाटलं, बाबा किती चांगले आहेत, हिला जमलं नाही तर किती समजून घेतात. आईने रस दोनदा वाढून घेतला आणि म्हणाली, "मला यंत्रांचं जमतच नाही गं." ते वाक्य पुढे तिच्या तोंडात कायमचं बसलं. मिक्सर अडकला, घड्याळ बंद पडलं, नळाची चकती गेली, की ती हात मागे घ्यायची आणि हेच म्हणायची. शिवणयंत्र ती झकास चालवायची, पण ते यंत्र आहे हे तिच्या किंवा आमच्या कुणाच्याच लक्षात आलं नाही. मांजरीला तिच्याहून बऱ्याच लहान असलेल्या एक बाई मुख्याध्यापिका म्हणून गेल्या. आई त्यांच्या सत्काराला पेढे घेऊन गेली होती.

हे सगळं मला विसरायला झालं होतं. मी कॉलेजात गेले, अठरा पूर्ण झाली, आणि बाबांनी जाहीर केलं की आता मला गाडी शिकवणार. "पण आधी हिचं थरथरणं बंद करू," ते म्हणाले. "इंजिनाच्या माउंटिंगचे रबर गेलेत. असल्या गाडीवर शिकलीस तर पायाला वाईट सवय लागेल." हे वाक्य मी नीट ऐकलं आणि तरी त्याचा अर्थ माझ्या डोक्यात शिरला नाही. आई तिथेच बसून मेथी निवडत होती. तिच्याही शिरला नसावा.

हल्ली बॉनेट उघडलं की आत प्लास्टिकचं एक भलंमोठं झाकण दिसतं. माझ्या लेकीच्या गाडीचं इंजिन मी अजून पाहिलेलं नाही, आणि तिनेही नाही. आमच्या गाडीत सगळं उघडं असायचं आणि बाबा मला ते नकाशासारखं समजावून सांगायचे. इंजिन गाडीच्या सांगाड्यावर नुसतं ठेवत नाहीत. मध्ये रबराचे जाड बुश असतात, दोन पुढे दोन्ही बाजूंना आणि एक मागे गिअरबॉक्सखाली. इंजिन हलतं ते त्या रबरावर हलतं, त्याचा हादरा माणसापर्यंत येत नाही. रबर तेल पिऊन फुगलं आणि चिरलं की इंजिन मोकाट सुटतं. क्लच सोडला की ते आधी स्वतःच एका अंगाला कलंडतं आणि मग गाडीला हिसका देतं. "म्हणजे क्लच कितीही हलका सोडला तरी?" मी विचारलं. "कितीही," बाबा म्हणाले. आणि तरीही मला काही सुचलं नाही, इतकी मी त्या कामात रमले होते.

शनिवारी संध्याकाळीच आम्ही गंजलेल्या बोल्टांवर रॉकेल सोडून ठेवलं होतं. रविवारी सकाळी पोहे खाऊन खाली गेलो. यार्डातून आणलेली कांद्याची पोती जमिनीवर पसरली. गाडीचा पुढचा भाग उचलून लाकडी ठोकळ्यांवर टेकवला, मग इंजिनाच्या तळाशी जाड फळी लावून तिच्याखाली दुसरा जॅक, म्हणजे बुश काढल्यावर इंजिन खाली येणार नाही. बाबांनी माळ्यावरून खोका आणला होता. त्यात नवे बुश होते, काळेभोर, पण त्यांच्यावरची पांढरी पावडर घट्ट बसलेली, पुसली तरी निघेना.

"नवे आहेत ना?" मी विचारलं.

"वापरलेले दिसतात का?"

आमच्या घरात प्रश्नाला प्रश्नानेच उत्तर मिळायचं, त्यामुळे मला त्यात काही खटकलं नाही. एक बाजू बाबांनी केली, दुसरी त्यांनी मला करू दिली. त्या बाजूचा बोल्ट पान्याला दाद देईना. मी पान्याच्या दांड्यावर लोखंडी नळी चढवली, दोन्ही पाय चाकाला टेकवले आणि अंगातला होता नव्हता तो जोर लावला. बोल्ट सुटला तेव्हा मी पाठीवर पडले आणि बाबा गाडीखालून हसले. निघालेला जुना बुश त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. त्याचे चक्क दोन तुकडे झाले होते, मधला धातू एकीकडे आणि चिकट रबर एकीकडे. मला तो बघून इतका आनंद झाला की मी तो फडक्यात गुंडाळून ठेवला. नवे बसवले, बोल्ट हातानेच घट्ट होतील एवढे लावले, फळीखालचा जॅक हळूहळू उतरवला. बाबांचा नियम होता, की इंजिनाला आधी सुरू करून त्याच्या वजनाने बसू द्यायचं आणि मगच शेवटचं आवळायचं. त्यांनी किल्ली फिरवली. दणका आला नाही. गिअरचा दांडा जागच्या जागी उभा राहिला. बाबांनी माझ्याकडे पाहिलं आणि भुवया उंचावल्या. त्या वेळी माझ्याइतकी सुखी मुलगी गुलटेकडीत दुसरी नसेल.

तेवढ्यात बापटकाका आले. ते बाबांचे ऑफिसातले मित्र, येरवड्याला तुरुंगाजवळ राहायचे. "कुठून आलास?" "येरवड्याहून." "आतून की बाहेरून?" हे त्यांचं दर रविवारी व्हायचं आणि दोघेही दर वेळी पहिल्यांदाच ऐकल्यासारखे हसायचे. काकांनी स्कूटर लावली, चालू इंजिनाकडे वाकून पाहिलं, मग पोत्यावरचा खोका उचलला.

"अरे वसंता, हे तेच ना? मी आणून दिलेले?"

"चहा घेणार का?" बाबा म्हणाले.

"घेणारच. पण तेच ना? वहिनी गाडी शिकत होत्या तेव्हाचे? म्हणजे एवढी वर्षं बसवलेच नाहीस तू?" काका माझ्याकडे वळले. त्यांना बिचाऱ्यांना काहीच माहीत नव्हतं. "अगं, यानेच मला बॉनेट उघडून दाखवलं होतं, इंजिन कसं उड्या मारतंय ते. म्हणाला, बायकोचा पाय उत्तम आहे रे, रबर गेलेत, तुझी दुकानात ओळख आहे तर लगेच आण. मी दुसऱ्याच दिवशी आणून दिले."

माझ्या हातात पाना होता. मी तो खाली ठेवला नाही. "बाबा, तुम्हाला माहीत होतं?"

"काय?"

"आईचा दोष नाही, हे."

बाबांनी फडकं घेतलं आणि एकेक बोट पुसायला लागले. "आणले होते बसवायलाच," ते म्हणाले.

"मग?"

"मग म्हटलं, थांबू जरा. हिचा उत्साह किती टिकतो ते बघू."

"टिकला होता की."

"अलके, तू लहान होतीस तेव्हा. ही रोज अंधारात मांजरीला जाणार, परत येईपर्यंत दुपार टळणार, वर शाळेचं सगळं लोढणं गळ्यात. तुझं जेवण, माझा डबा, घराकडे कुणी बघायचं?" त्यांनी अंगठा पुसला. "बसवले असते तर ती गेली असती."

एखादी रेघ नकाशात इथेच का काढली हे सांगावं, तसं त्यांनी ते सांगितलं. आवाजात लाज नव्हती. थोडी जरी असती तरी मी त्यांच्या बाजूने काहीतरी कारण शोधलं असतं, तेवढा सराव मला होता.

"आणि तो पेला?" मी विचारलं.

"कुठला पेला?"

त्यांना तो आठवतच नव्हता. मी ओल्या फ्रॉकने त्यांच्या वतीने आईला नापास करत बसले होते, दर रविवारी, आणि ते मागच्या सीटवर बसून बघत होते की हिला जमूच शकत नाही. खोका तेव्हा माळ्यावर होता. त्यांनी माझा चेहरा पाहिला असावा, कारण ते जरा मऊ होऊन म्हणाले, "आता तुझ्यासाठीच करतोय ना सगळं?" ते खरं होतं आणि तेच मला सहन होईना. सकाळपासून मी ज्या कामात जीव ओतला होता ते आईचं होतं. तिच्यापासून ठेवून घेतलेलं मला देत होते, आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं होतं. मला फसवलं गेलं होतं, आणि फसवणारं माणूस या जगात मला सगळ्यात आवडणारं होतं. तोवर मला वाटायचं की फसवणारी माणसं वेगळी दिसत असतील, निदान फसवताना तरी.

आता मी बाबांच्या त्या वेळच्या वयाहून पुष्कळ मोठी आहे. लोक मला सांगतात, तो काळच तसा होता, पुरुषांना काळजी वाटायची, त्यांनी काही मारहाण केली नाही, दारू प्यायले नाहीत. सगळं कबूल. त्यांच्या शेवटच्या आजारात मी त्यांना भरवलं, त्यांचे तेच स्थिर हात माझ्या हातात घेऊन बसले, आणि ते गेले तेव्हा मी लहान मुलीसारखी रडले. पण त्या खोक्याच्या बाबतीत मी त्यांना माफ केलेलं नाही, आणि करायचं ठरवूनही मला ते जमलेलं नाही. ते तेवढ्या वर्षांत एकदा जरी म्हणाले असते की चुकलं, तर कदाचित जमलं असतं.

आई चहाचा ट्रे घेऊन खाली आली. "अजून सुरू नाही झाली का?" तिने विचारलं.

"सुरूच आहे वहिनी," काका पुटपुटले. त्यांच्या एव्हाना लक्षात आलं होतं, आणि ते स्कूटरच्या बाजूला सरकायला लागले होते.

आईने उघड्या बॉनेटशेजारच्या पत्र्यावर हात ठेवला. मग ट्रेही तिथेच ठेवला. कप वाजले नाहीत. ती कौतुकाने बाबांकडे बघायला लागली, आणि मला ते कौतुक बघवलं नाही. "आई," मी म्हटलं, "तुझा पाय चांगला होता. हे रबर तेव्हाच गेले होते म्हणून गाडी उडायची. बाबांना माहीत होतं. नवे त्यांनी तेव्हाच मागवले आणि माळ्यावर ठेवून दिले. तू मांजरीला जाऊ नयेस म्हणून."

आई बाबांकडे वळली. "खरं का हो?"

"अगं, तसं नाही ते, त्या वेळी..."

"हो की नाही, एवढंच सांगा." वर्गात फळ्यापाशी उभी असल्यासारखी ती उभी होती.

"हो," बाबा म्हणाले.

ती ओरडली नाही, रडली नाही. तिचा चेहरा मात्र एकदम थकला, इतका की मी पुढे होऊन तिचा दंड धरला. तिने माझा हात बाजूला केला. "अलका, झालंय का तुमचं काम?"

"शेवटचं आवळायचं राहिलंय."

"मग आवळ."

मी इंजिन बंद केलं आणि गाडीखाली गेले. बाबा सवयीने वाकून म्हणाले, "जास्त जोर लावू नकोस, आटे जातील." मी उत्तर दिलं नाही. त्यांना उत्तर न देण्याची ती माझी पहिली वेळ. ठोकळे काढून गाडी जमिनीवर आणेपर्यंत काकांनी चहा तसाच टाकून स्कूटर काढली होती आणि आई पर्स घेऊन आली होती. ती चालवायच्या जागेवर बसली. या वेळी चपला तिच्या पायात होत्या. मी ऑइलने माखलेल्या कपड्यांनिशी शेजारी बसले.

"कुठे निघालात? जेवायची वेळ झाली," बाबा म्हणाले.

"कुकर लावलाय. तीन शिट्ट्या झाल्या की बंद करा."

ते मागचं दार उघडायला आले, त्यांची जागा तिथेच असायची. आईने क्लच सोडला. गाडी इतकी अलगद निघाली की सुटली कधी ते मला कळलं नाही. मी वळून पाहिलं तर बाबा दाराच्या मुठीसाठी पुढे केलेला हात तसाच धरून उभे होते.

यार्डाजवळ टेम्पो आडवे लागले होते, हमाल पाठीवर पोती घेऊन मधूनच जात होते. आई थांबत होती, निघत होती, पुन्हा थांबत होती, आणि प्रत्येक वेळी गाडी लोण्यातून काढल्यासारखी निघत होती. सोलापूर रस्त्याला लागल्यावर मला कळलं आपण कुठे चाललोय. हडपसर मागे पडलं, ऊस सुरू झाला. आई कुणाला न विचारता वळणं घेत होती. मी विचारलं तेव्हा म्हणाली, "तेव्हा दोन-तीनदा बसने येऊन रस्ता बघून ठेवला होता." मला हेही माहीत नव्हतं.

शाळेला आता पक्क्या भिंती होत्या आणि फाटकापासून पायरीपर्यंत कुणीतरी जास्वंदी लावल्या होत्या. रविवार असल्यामुळे सगळं बंद. आईने फाटकासमोर गाडी उभी केली आणि इंजिन बंद केलं. ती उतरली नाही. पटांगण, घंटा, कोपऱ्यातली मुख्याध्यापकांची खोली, असं एकेक ती बसल्या जागेवरून बघत होती, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते ती पुसत नव्हती. मी तिच्याकडे न बघता समोर बघत राहिले. पलीकडच्या बांधावरून एक म्हातारे गृहस्थ खांद्यावर टॉवेल टाकून आले. शाळेची राखण तेच करत असावेत.

"शाळा बंद हाय बाई आज," ते म्हणाले. "कोन पायजे?"

"कुणी नको," आई म्हणाली.

त्यांनी तिच्याकडे पाहिलं, माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं, आणि काळजीने खिडकीशी वाकले. "लई लांबनं आलाय जनू?"

आईने पदराने चेहरा पुसला.

"नाही हो," ती म्हणाली. "जवळच राहते मी."